स्टॉपर बॅक ग्लेनरॉय

ग्लेनरॉयला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो उलटा पळत होता. मार्च महिना होता. न्यू जर्सीतली थंडी अजून गेलेली नव्हती, मैदानाच्या कडेला मळकं बर्फ साचलेलं होतं आणि त्या रिकाम्या मैदानावर एक उंच, रुंद खांद्यांचा माणूस या गोलपासून त्या गोलपर्यंत पाठमोरा पळत चालला होता. एकदाही मागे वळून बघत नव्हता. आता हा जाऊन आदळणार असं वाटून मी ओरडले, "मागे खांब आहे!" खांब हातभर राहिला तेव्हा तो थांबला. मग सावकाश माझ्याकडे चालत आला.

"खांब कुठे आहे ते मला माहीत आहे. तू कुठून आलीस ते सांग."

"नागपूरहून," मी म्हणाले. कुठल्या ऑफिसने पाठवलं एवढंच त्याला विचारायचं होतं. तो इतक्या मोठ्याने हसला की पार्किंगमधल्या एका बाईने वळून पाहिलं.

मी फिजिओथेरपिस्ट. त्र्याण्णव साली वेस्ट विंडसरजवळच्या एका क्लिनिकमध्ये व्हिसावर नोकरीला आले. आमच्या क्लिनिकने जवळच्या एका छोट्या कम्युनिटी कॉलेजच्या फुटबॉल टीमची जबाबदारी घेतली होती, आणि मी सगळ्यांत नवी म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. ग्लेनरॉय त्या टीमचा कोच. माझ्या हातातली बँडेजची बॅग बघून तो मला 'सिस्टर' म्हणू लागला. मी नर्स नाही असं सांगितल्यावर म्हणाला, "नर्स कोण म्हणतंय? आमच्या जमैकात बहिणीला सिस्टर म्हणतात." पुढची सगळी वर्षं मी त्याची सिस्टर राहिले आणि तो माझा 'कोच'.

तरुणपणी तो जमैकाच्या राष्ट्रीय संघाचा डिफेंडर होता. अगदी मधला, ज्याला आमच्या नागपुरात स्टॉपर बॅक म्हणतात. माझा भाऊ कॉलेजात असताना त्याच जागी खेळायचा, त्यामुळे तो शब्द मला ठाऊक होता. मी तो ग्लेनरॉयला सांगितला आणि तो त्याला फार आवडला. "स्टॉपर," तो स्वतःशीच म्हणत राहिला. देशाकडून खेळून पैसे मिळत नव्हते. अमेरिकेतल्या एका लीगने बोलावलं म्हणून बायकोला, मार्व्हाला घेऊन तो इकडे आला. काही वर्षांनी ती लीगच बंद पडली. मग तो सिमेंटवर प्लॅस्टिकचं गवत अंथरलेल्या हॉलमध्ये खेळला आणि तिथे त्याचा गुडघा गेला. त्यानंतर कोचिंग. वाटेत गोदामात काम, शाळेच्या बसची ड्रायव्हरकी, सगळं करून झालं होतं. याबद्दल तो कधी कुरकुरला नाही.

त्याच्या टीममध्ये एक्वादोर, पोलंड, लायबेरिया, त्रिनिदाद अशा कुठून कुठून आलेली मुलं होती. अर्धी मुलं सकाळी कुठेतरी राबून दुपारी मैदानावर यायची. त्यांना तो शिकवायचा, "समोरच्याच्या डोळ्यांकडे बघू नका, डोळे खोटं बोलतात. पायही खोटं बोलतात. कंबरेकडे बघा. आजवर एकाही माणसाला कंबरेने खोटं बोलता आलेलं नाही." आणि हेडिंग शिकवताना स्वतःच्या कपाळावर बोटं आपटून म्हणायचा, "ढगातून येईल ते माझं!" त्याच्या कपाळाची कातडी खरंच जाड झाली होती. लहानपणी पावसात भिजलेला चामड्याचा चेंडू दगडासारखा जड व्हायचा आणि तो डोक्याने मारण्याची त्यांच्या गावातल्या मुलांत पैज लागायची. ती पैज नेहमी आपणच जिंकायचो, हे तो फार अभिमानाने सांगे.

आमचं जाणं-येणं सुरू झालं ते जेवणावरून. त्याच्या गावाकडे उसाच्या मळ्यांवर राबायला पूर्वी हिंदुस्थानातून माणसं नेलेली होती, त्यामुळे मटणाचा रस्सा आणि रोटी हे त्याला घरचंच जेवण वाटायचं. मी एकदा सावजी मटण केलं. घामाने डबडबून तो ताट पुसून जेवला. मग हळूच म्हणाला, "आमच्या गावात तुमच्या लोकांना वाईट नावाने हाक मारायचे, सिस्टर. मीही मारली आहे."

"आमच्या लोकांना आमच्याच गावात त्याहून वाईट नावांनी हाक मारायचे, कोच," मी म्हणाले.

त्याने पुढे काही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून बुद्धपौर्णिमेला आमच्याकडे खीर होते हे त्याने लक्षात ठेवलं आणि त्या दिवशी तो न चुकता इस्त्रीचा शर्ट घालून यायचा.

हे असं चाललेलं असताना पंच्याण्णवच्या हिवाळ्याआधीच्या एका मॅचमध्ये मी पहिल्यांदा घाबरले. आमची टीम एका गोलने मागे होती. हाफटाइमला ग्लेनरॉयने मुलांना जवळ बोलावलं आणि डावी बाजू कशी उघडी पडते आहे ते समजावलं. मध्ये एक विनोद केला, मुलं हसली. तो पाणी प्यायला गेला, परत आला, मुलांना जवळ बोलावलं आणि डावी बाजू कशी उघडी पडते आहे ते पहिल्या शब्दापासून पुन्हा समजावू लागला. तेच थांबणं, तोच विनोद. तो गंमत करतोय असं समजून दोघं-तिघं खिदळली. पण कॅप्टन फाबियानने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं होतं. हा एक्वादोरचा शांत मुलगा, वय विशीच्या पुढे. तो मगाशी ज्या जागी हसला होता त्याच जागी पुन्हा हसला आणि शेवटी मोठ्याने म्हणाला, "येस, कोच!" बाकीच्यांनी एकदम री ओढली, "येस, कोच!"

मॅच संपल्यावर फाबियान माझ्याजवळ येऊन घोट्याला पट्टी बांधून घेत बसला. घोटा ठीक होता.

"कोच दमलाय का, सुजाता?"

"दमला असेल," मी म्हणाले. दोघांनीही मान वर केली नाही.

वसंत ऋतू येईपर्यंत ग्लेनरॉय फाबियानला 'कार्लटन' म्हणू लागला होता. कार्लटन हा जमैकाच्या टीममधला त्याचा जोडीदार, तो फार पूर्वीच रस्त्यावरच्या अपघातात गेला होता. फाबियानने एकदाही त्याला दुरुस्त केलं नाही. 'कार्लटन' म्हटलं की तो धावत यायचा. एखादा खेळाडू बदलायचा राहिला तर मुलंच बेंचवरून कुजबुजायची, "कोच, आता त्याला काढताय ना?" आणि ग्लेनरॉय म्हणायचा, "तेच सांगत होतो." कॉलेजच्या ऑफिसला याचा पत्ता नव्हता. पूर्ण टीम एका माणसाच्या भोवती कडं करून खेळत होती.

शेवटी मी मार्व्हाशी बोलायचं ठरवलं. ती एका वृद्धाश्रमात कामाला होती. स्मृती गेलेल्या म्हाताऱ्यांना न्हाऊ घालायचं, भरवायचं, कपडे बदलायचे, हे तिचं रोजचं काम. मी शब्द जुळवत होते तेवढ्यात तिने मला थांबवलं.

"सुजाता, मला काय सांगणार आहेस तू? दिवसभर मी हेच बघते. मग घरी येते, दार उघडते, आणि घरातही तेच. तुझ्याआधी वर्षभर मला कळलेलं आहे." तिने ओट्यावरचं फडकं उचललं, पिळलं, परत ठेवलं. "मी बोलले नाही, कारण बोललं की ते खरं होतं."

डॉक्टरकडे आम्ही तिघं गेलो. मेंदूचे डॉक्टर वयस्कर होते, सावकाश बोलणारे. त्यांनी मेंदूचे फोटो काढले होते, ते उजेडावर धरून बघितले आणि विचारलं, "बॉक्सिंग करायचात का?"

"फुटबॉल," ग्लेनरॉय म्हणाला. "स्टॉपर."

"चेंडू डोक्याने मारायचात?"

ग्लेनरॉय हसला. "तेच तर माझं काम होतं, डॉक्टर."

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "असा मेंदू मी म्हाताऱ्या बॉक्सरांचा पाहिला आहे. फुटबॉलवाल्यांचं मला खात्रीने सांगता येणार नाही, कुणालाच येणार नाही. पण तुमच्या वयाच्या मानाने हा मेंदू फार आक्रसला आहे. आणि याला औषध नाही."

पार्किंगमध्ये आल्यावर ग्लेनरॉयने विचारलं, "डॉक्टर काय म्हणाला?" मार्व्हाने सगळं सांगितलं. त्याने मान हलवली, गाडीत बसला, पट्टा लावला. आम्ही रस्त्याला लागल्यावर त्याने पुन्हा विचारलं, "डॉक्टर काय म्हणाला?" मार्व्हाने पुन्हा सगळं सांगितलं, तेवढ्याच शांतपणे. घराजवळच्या सिग्नलला त्याने परत विचारलं. त्या वेळी ती समोर बघत म्हणाली, "म्हणाला, तू ठीक आहेस."

"बघ," तो मागे वळून मला म्हणाला, "उगाच घाबरवत होतीस."

मला वाटलं, तो सगळंच विसरला. पण दुसऱ्या दिवशी सरावात मुलं हेडिंगला उभी राहिली आणि ग्लेनरॉय मध्ये शिरला. त्याने हवेतला चेंडू दोन्ही हातांनी पकडला आणि पोटाशी धरून ठेवला. "आजपासून चेंडू जमिनीवर," तो म्हणाला.

फाबियान गोंधळला. "आणि वरून आला तर?"

"जाऊ दे."

"पण कोच, गोल होईल."

"होऊ दे!" तो ओरडला. त्याला ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. "गोल होऊ दे, मॅच जाऊ दे, पण डोकं खाली ठेवा! माझ्या टीममध्ये कोणी डोक्याने खेळणार नाही!" असं का, ते मुलांनी विचारलं तर त्याला सांगता येईना. तो नुसता चेंडू धरून उभा होता.

त्या मोसमात वरून आलेल्या चेंडूंवर आम्ही गोलामागून गोल खाल्ले. इतर टीमना आमचं दुखणं कळलं आणि त्या मुद्दाम चेंडू उंच मारू लागले. आमची मुलं मान खाली घालून उभी राहायची. ऑफिसने ग्लेनरॉयला बोलावून विचारलं, समज दिली, पुढच्या वर्षी विचार करावा लागेल म्हणून सांगितलं. तो रोज सगळं विसरायचा, पण ही एक गोष्ट विसरला नाही.

अशा वेळी किंग्स्टनहून एरलचा फोन आला. एरल त्याच्या वेळचा गोलकीपर, आता राष्ट्रीय संघाबरोबर काम करत होता. जमैका पहिल्यांदाच वर्ल्ड कपच्या दारात पोचली होती. एरल म्हणाला, "काही आठवडे ये, आमच्या डिफेंडरांना शिकव. तुझ्याइतकं ते कोणालाच येत नाही." आयुष्यभर ज्या फोनची वाट बघितली तो असा आला.

मार्व्हा म्हणाली, नको. ग्लेनरॉय दुसऱ्या दिवशी आमच्या घरी आला. खुर्चीवर बसलाच नाही.

"सिस्टर, तू माझा गुडघा बरा केलास. पायाला व्यायाम देतेस तसा डोक्याला दे. मला फक्त त्या पोरांची नावं लक्षात ठेवायची आहेत. खेळ मला येतो, तो इथे आहे," त्याने छातीवर हात ठेवला. "फक्त नावं. तेवढं कर."

माझा नवरा प्रशांत आत येऊन मराठीत म्हणाला, "यार, त्याला खोटी होप नको देऊ. हे क्रुएल आहे." त्याचं बरोबर होतं. तरी मी नाही म्हणू शकले नाही. जेवणाच्या टेबलावर मी मसाल्यांच्या बाटल्या मांडल्या. हळद उजवा बॅक, जिरं डावा, तिखट आणि धणे मध्ये. प्रत्येक बाटलीला एका खेळाडूचं नाव. तो बाटली हलवायचा, नाव घ्यायचा, पुन्हा हलवायचा, पुन्हा नाव घ्यायचा. एका संध्याकाळी त्याने सगळी नावं अचूक सांगितली. टाळी वाजवून त्याने मला मिठी मारली आणि प्रशांतलाही मारली. दुसऱ्या दिवशी आला, टेबलाशी उभा राहिला आणि बाटल्यांकडे बघून मला म्हणाला, "स्वयंपाक चाललाय का?"

मी काय ते सांगितलं. त्याने भिंतीला कपाळ टेकलं आणि तसाच उभा राहिला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. फिजिओथेरपीच्या सगळ्या शिक्षणात मला एवढंच करता येण्यासारखं होतं.

तरीही तो गेला. मार्व्हाला त्याला अडवणं जमलं नाही. पुढे काय झालं ते एरलने तिला फोनवर सांगितलं आणि तिने मला. मैदानावर पहिले काही दिवस ग्लेनरॉय अप्रतिम होता. पोरांच्या कंबरा धरून तो त्यांना वळायला शिकवायचा आणि मोठमोठे खेळाडू शाळेतल्या मुलांसारखे ऐकायचे. मग एका दुपारी तो हॉटेलातून नाहीसा झाला. सापडला तो त्याच्या जुन्या क्लबच्या मैदानाजवळ. तिथे आता गोदामं झाली होती. फुटपाथवर बूट मांडीवर घेऊन तो टीमच्या बसची वाट बघत बसला होता.

एरल ही गोष्ट झाकायला तयार होता. पण परतताना टॅक्सीत ग्लेनरॉयला अगदी स्वच्छ कळलं की काय झालं. तो म्हणाला, "एरल, ही पोरं माझं सगळं ऐकतात. मी चुकीचं सांगितलं तरी ऐकतील. मला घरी पाठव."

विमानतळावर त्याला आणायला मार्व्हा आणि मी गेलो. माणसांच्या गर्दीत तो आम्हाला शोधत होता. मार्व्हाने हात वर केला आणि तो इतक्या घाईने आला की सामान पट्ट्यावरच राहिलं. कॉलेजची नोकरी त्याने स्वतःच सोडली. फाबियानने त्याच्या वतीने ऑफिसात जाऊन सांगितलं.

सत्त्याण्णवच्या नोव्हेंबरात जमैकाची वर्ल्ड कपसाठीची शेवटची पात्रता मॅच होती. बरोबरी झाली तरी वर्ल्ड कप पक्का होता. मार्व्हाच्या छोट्या अपार्टमेंटमध्ये आम्ही टीव्हीपुढे बसलो. शून्य-शून्य. शिटी वाजली आणि खालच्या मजल्यावरच्या जमैकन कुटुंबाने भांडी बडवायला सुरुवात केली. जिन्यात माणसं नाचू लागली. मार्व्हा रडत होती. ग्लेनरॉय सोफ्यावर ताठ बसला होता. त्याने विचारलं, "किती गोल खाल्ले?"

"एकही नाही," मार्व्हा म्हणाली.

"मी खेळलो?"

मार्व्हाने डोळे पुसले. "हो. पूर्ण मॅच."

"म्हणूनच गुडघा दुखतोय," तो म्हणाला. मी खाली बसले, त्याचा पाय मांडीवर घेतला आणि गुडघा दाबत राहिले. खालची भांडी बराच वेळ थांबली नाहीत.

त्यानंतर सगळं फार भराभर झालं. गॅस चालू राहिला, तो हायवेवर चालत जाताना सापडला, मार्व्हावर ओरडला आणि मग स्वतःच घाबरून न्हाणीघरात जाऊन बसला. वृद्धाश्रमातली नोकरी करून त्याला सांभाळणं मार्व्हाला शक्य राहिलं नाही, आणि त्या वृद्धाश्रमात त्याला ठेवणं तिला नको होतं. "मी परक्यांचं केलं," ती म्हणाली, "माझ्या माणसाचं परक्यांनी करायचं नाही." जमैकात तिच्या भावाचं घर होतं. फाबियान आणि टीममधली मुलं येऊन सामान बांधून गेली. विमानतळावर ग्लेनरॉयने माझ्याशी हात मिळवला, ओळख करून दिल्यावर मिळवतात तसा. मी पाठ फिरवून रडले.

मार्व्हाचे फोन येत राहिले. तो आता बोलत नाही, तो आता चमच्याने खातो, तो आता कोणाला ओळखत नाही. मग नव्व्याण्णवच्या शेवटाला एका सकाळी फोन आला. तिचा आवाज ऐकूनच मला कळलं. झोपेतच गेला, ती म्हणाली. अंत्ययात्रेला एरल आला होता, जुन्या टीमपैकी जे जिवंत होते ते आले होते.

मी विचारलं, "शेवटी शेवटी त्याला तू तरी कळत होतीस का?"

"नाही," मार्व्हा म्हणाली. "वर्षभर नाही. मी कोण, त्याला काही माहीत नव्हतं. रोज सकाळी माझ्याकडे पाहुण्याकडे बघावं तसा बघायचा." तिच्या मागे कुठेतरी कोंबडा आरवत होता. "पण सुजाता, दारात कोणी अनोळखी माणूस आला ना, पोस्टमन असो, मीटर बघणारा असो, की तो खुर्चीतून उठायचा. धड तोल सांभाळता यायचा नाही. तरी उठायचा, चालत यायचा आणि माझ्या पुढे उभा राहायचा."